संध्याकाळी ‘नेट’ का रखडते?

दिवसभर बिनबोभाट चालणारे घरचे इंटरनेट रात्री आठच्या सुमारास धापा टाकू लागते, हा अनुभव आज शहरातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो आणि नेमक्या अखेरच्या षटकात पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते. अमेरिकेतील सहकाऱ्यांशी रात्री नऊला बैठक असलेल्या मुलीचा आवाज तुटत जातो. दुसऱ्या दिवशी तक्रार करावी, तर कंपनीचा माणूस सकाळी अकराला येतो, वेग मोजतो, तो पुरेपूर भरतो आणि ‘तुमची लाइन तर एकदम ओके आहे’ असे सांगून निघून जातो. तो खोटे बोलत नसतो आणि आपलाही अनुभव खोटा नसतो. दोघांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या वेळी पाहिलेली असते, इतकेच.

आमच्या घरी हा प्रकार कित्येक महिने चालला होता. प्रथम ५० एमबीपीएसची योजना सोडून १००ची घेतली. त्याने भागेना, म्हणून नवा राऊटर आणला. बिल वाढले, राऊटरला दोनाऐवजी चार अँटेना आल्या. पण रात्री नऊचे दुखणे होते तेथेच राहिले. निदान होण्याआधीच औषध घेतल्यावर दुसरे काय होणार? ही चूक अनेक घरांत होते आणि तिची किंमत दरमहा मोजावी लागते. म्हणून निदानाची रीत आधी समजून घेणे शहाणपणाचे.

या निदानातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे वेळ. तार तुटली असेल, जोडणी सैल असेल किंवा यंत्र बिघडले असेल, तर इंटरनेट सकाळीही रखडते आणि दुपारीही. ते केवळ संध्याकाळीच रखडत असेल, तर बहुधा मोडतोड कोठेच झालेली नसते. कोठेतरी गर्दी झालेली असते. तेव्हा प्रश्न ‘काय बिघडले?’ असा नसून ‘गर्दी कोठे झाली?’ असा विचारायला हवा. तो तसा विचारला की उत्तर शोधणे सोपे होते, कारण गर्दी होऊ शकेल अशा जागा तीनच आहेत : आपले घर, घराभोवतीची हवा आणि घराबाहेरची वाट.

‘पर्यंत’ या शब्दाची करामत

इंटरनेटच्या जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असे लिहिलेले असते. त्यातील शंभरावर आपली नजर जाते. ‘पर्यंत’वर जात नाही. वास्तविक सारा वाद त्या शब्दयोगी अव्ययात दडलेला आहे.

इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यातून उतरणारा मुख्य नळ एकच आणि त्यावर सगळ्या घरांच्या तोट्या. दुपारी एखादीच तोटी उघडी असते, तेव्हा पाणी जोरात येते. सकाळी सात वाजता सगळ्यांच्या तोट्या एकदम उघडल्या, की तळमजल्यावर जोर कमी होतो आणि वरच्या मजल्यावर धार करंगळीएवढी होते. घरगुती इंटरनेटही असेच वाटून घेतलेले असते. प्रत्येक घरासाठी वेगळा, राखीव मार्ग शेवटपर्यंत नेला, तर त्याचा खर्च सामान्य कुटुंबाला परवडणार नाही. सगळेजण एकाच क्षणी पूर्ण वेग वापरणार नाहीत, या भरवशावर हा व्यवसाय उभा आहे. तो भरवसा दिवसभर खरा ठरतो, संध्याकाळी डळमळतो.

या वाटणीचेही प्रमाण असते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ मध्ये कंपन्यांना मार्गदर्शन करताना घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी एकास तीस असे प्रमाण सांगितले होते. याचा हिशेब करून पाहावा. पाचशे घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएसची जोडणी दिली, तर एकूण विकलेला वेग ५०,००० एमबीपीएस होतो. एकास पन्नास या प्रमाणात त्यांच्यासाठी मागे १,००० एमबीपीएसची वाट पुरेशी मानली जाईल. ही सारी घरे खरोखर एकाच क्षणी पूर्ण वेगाने काही उतरवून घेऊ लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २ एमबीपीएस येतील. योगायोग असा, की जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान वेग ठरवला, तोही २ एमबीपीएसच. २००४च्या धोरणात तो अवघा २५६ केबीपीएस होता, तर २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाला होता.

जुन्या वाचकांना आठवत असेल, की दोन दशकांपूर्वी काही ब्रॉडबँड योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर मोफत असे आणि पोरे दोनचा गजर लावून गाणी उतरवून घेत. कंपन्यांची ती कृपा नव्हती. संध्याकाळच्या गर्दीसाठी बांधलेली वाट रात्री रिकामी पडत असे; तीच फुकट दिली जात होती.

रांगेचे गणित

गर्दी दुप्पट झाली तर विलंब दुप्पट होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. डेन्मार्कचे गणितज्ञ आगनर क्रारूप अर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत असताना त्यांनी १९०९ मध्ये फोनच्या गर्दीचे गणित मांडले. रांगांच्या शास्त्राची ती सुरुवात मानली जाते. त्या शास्त्रातील अगदी साध्या हिशेबानुसार एखादी वाट निम्मी भरलेली असेल, तर तिच्यातून जायला मोकळ्या वाटेच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो. ती ८० टक्के भरली की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे ५० ते ८० टक्क्यांच्या प्रवासात फारसे जाणवत नाही. पण पुढच्या पंधरा टक्क्यांत सारा खोळंबा होतो. साडेसातपर्यंत ठीक चालणारे इंटरनेट आठ वाजता एकदम का कोसळते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ‘ट्राय’ने २००६च्या सेवा-गुणवत्ता नियमावलीत गर्दीच्या वेळी वाटेचा वापर ८० टक्क्यांच्या आत राहावा असा निकष घातला होता, त्यामागील तर्कही हाच.

वाट पूर्ण भरल्यावर काय होते, हे जगाने १९८६ मध्ये पाहिले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधील जोडणी अशी तुंबली, की तिचा वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. दोन ठिकाणांमधील अंतर होते सुमारे चारशे यार्ड! प्रत्येक संगणक हरवलेली माहिती पुन्हापुन्हा पाठवत होता आणि तेणेकरून गर्दीत भरच पडत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाटेत माहिती हरवू लागली, तर पाठवणाऱ्याने आपणहून वेग कमी करावा, असे त्याचे सार. आजही जगभरचे संगणक अशाच तऱ्हेच्या शिस्तीने वागतात. संध्याकाळी आपला वेग घटतो तेव्हा इंटरनेट बंद पडत नसते. बंद पडू नये म्हणून सगळेजण थोडे थोडे थांबत असतात.

पहिली चाचणी : वायफाय बाजूला ठेवा

आता निदानाकडे वळू. तीन जागांपैकी दोन जागा एका साध्या केबलने तपासता येतात. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडावा. लॅपटॉपला तशी खोबण नसेल, तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. घरातील इतर सर्व फोन, टीव्ही, कॅमेरे यांचे वायफाय काही मिनिटे बंद करावे आणि वेग मोजावा. ही मोजणी एकाच दिवशी तीनदा करावी : सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री नऊला.

मोजताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, एककांचा घोळ टाळावा. कंपनी मेगाबिट सांगते, तर संगणक फाइल उतरवताना बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिट मिळून एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले, तर वेग पूर्ण आहे असे समजावे. दुसरे, योजना १००च्या वरची असेल, तर केबल आणि राऊटरची खोबण गिगाबिटची असावी. नाहीतर आकडा ९४-९५च्या आसपास अडकतो आणि दोष भलत्याच्या माथी जातो. तिसरे, केवळ कंपनीच्या स्वतःच्या पानावर वेग मोजून समाधान मानू नये. तो सर्व्हर कंपनीच्याच जाळ्यात असतो. तेथवरचा रस्ता मोकळा असला, तरी पुढचा तुंबलेला असू शकतो. निरनिराळ्या संस्थांच्या दोन-तीन सर्व्हरांवर मोजलेला वेग अधिक खरा.

निष्कर्ष सरळ आहेत. रात्री नऊला केबलवर वेग पुरेपूर असेल आणि वायफायवर कमी, तर गर्दी हवेत आहे. घरातील सर्व उपकरणे बंद असताना केबलवर वेग चांगला आणि ती सुरू होताच खाली, तर गर्दी घरात आहे. सर्व काही बंद ठेवूनही केबलवरचा आकडा सकाळी ९५ आणि रात्री २० असेल, तर गर्दी घराबाहेर आहे. अशा वेळी घरात कितीही महागडे यंत्र आणले, तरी उपयोग नाही.

ज्यांना आणखी एक पायरी खाली उतरायचे आहे, त्यांनी संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग’ ही आज्ञा वापरून पाहावी. एक छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात, ते ती सांगते. प्रथम लॅपटॉप वायफायवर ठेवून राऊटरच्या पत्त्यावर पिंग करावे. हा पत्ता राऊटरखालील चिठ्ठीवर छापलेला असतो आणि बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवे. ते मध्येच दोनशे-तीनशेवर उडी मारत असेल, तर निरोप आपल्याच दिवाणखान्यात अडखळतो आहे. तेथे सारे ठीक असेल, तर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर, उदाहरणार्थ ८.८.८.८ वर, पिंग करावे आणि सकाळ-रात्रीचे आकडे ताडून पाहावेत.

घरातील गर्दी

संध्याकाळी घरी परततात ती केवळ माणसे नव्हेत. त्यांचे फोनही परततात. वायफाय दिसताच दिवसभराची छायाचित्रे आणि चित्रफिती बॅकअपसाठी वर चढू लागतात. लॅपटॉप उघडताच अद्ययावतीकरण सुरू होते. दारावरचा कॅमेरा चित्रण पाठवत असतो. हे सारे कोणी मुद्दाम करत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

यात वर जाणारी माहिती अधिक त्रासदायक ठरते. आपण चित्रपट पाहतो तेव्हा माहिती खाली येत असते हे खरे. पण तिचा प्रत्येक तुकडा पोचल्याची पावती वर पाठवावी लागते. वरची वाट छायाचित्रांनी भरली, की या पावत्या अडकतात आणि पावती मिळेना म्हणून पलीकडचा सर्व्हर माहिती पाठवण्याचा वेग कमी करतो. म्हणजे चढण तुंबल्याने उतारही थांबतो.

त्यात भर पडते राऊटरमधील लांबलचक रांगेची. माहिती हरवू नये या सद्हेतूने अनेक यंत्रांत ती साठवून ठेवण्याची मोठी जागा दिलेली असते. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर एकाने पन्नास जणांची तिकिटे मागितली, की त्याच्या मागे दादरचे एकच तिकीट हवे असलेला प्रवासी ताटकळतो; तसा दूरध्वनीच्या आवाजाचा चिमुकला तुकडा बॅकअपच्या ढिगाऱ्यामागे उभा राहतो. अमेरिकी अभियंते जिम गेटीस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. याची ओळख सोपी आहे : बाहेरच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवून त्याच वेळी एखादी मोठी फाइल वर चढवावी. २० मिलिसेकंदांचा आकडा काही शतांवर गेला, तर रोग हाच.

उपायही बहुतांशी बिनखर्चाचे आहेत. बैठक किंवा परीक्षा असेल त्या तासाभरात फोनचे बॅकअप थांबवावे. संगणकाचे अद्ययावतीकरण, खेळांचे मोठे डाउनलोड रात्री उशिरा लावून ठेवावेत. दोन दशकांपूर्वीचा तो दोनचा गजर आता यंत्राने लावला, तरी चालतो. राऊटरच्या मांडणीत ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ अशी सोय असेल, तर ती सुरू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या सुमारे नव्वद टक्क्यांवर ठेवावी. त्यामुळे रांग राऊटरच्या ताब्यात राहते आणि लहान निरोपांना आधी वाट मिळते. दहा टक्के वेग सोडून दिल्याने इंटरनेट अधिक तत्पर वाटू लागते, हे ऐकायला विचित्र असले तरी खरे आहे.

हवेतील गर्दी

वायफायचे बोलणे एखाद्या सभेसारखे असते. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. बाकीच्यांनी शांतता होईपर्यंत थांबायचे. सभेत केवळ आपल्याच घरची यंत्रे असती, तर अडचण नव्हती. पण इमारतीत शेजाऱ्याचा, वरच्या मजल्याचा, समोरच्या विंगचा असे पंधरा-वीस राऊटर त्याच सभेत बसलेले असतात. दुपारी ते मौन पाळतात. रात्री सारे एकदम बोलू लागतात.

त्यातही २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा फार दाटीचा आहे. भारतात घरगुती वापरासाठी तो २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि आज ब्लूटूथपासून खेळण्यांपर्यंत बरेच काही त्यावर चालते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी वापरतो. जेवण गरम होत असताना स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत इंटरनेट अडखळत असेल, तर तो योगायोग समजू नये. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. राऊटर यांपैकी सर्वांत कमी गर्दीच्या वाहिनीवर ठेवावा. कोणत्या वाहिनीवर किती शेजारी आहेत, हे दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. ती पाहणी मात्र रात्रीच करावी. ३, ४ अशा मधल्या वाहिन्या मोकळ्या भासल्या, तरी घेऊ नयेत; तेथे दोन्ही बाजूंचा गोंगाट ऐकू येतो. वाहिनीची रुंदी ४० मेगाहर्ट्‌झऐवजी २० ठेवावी.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा. तेथे वाहिन्या अधिक आहेत आणि भिंतीतून या लहरी फारशा जात नसल्याने शेजाऱ्यांचा उपद्रवही कमी. अर्थात त्याच कारणाने आपल्याही आतल्या खोलीत त्या क्षीण होतात. म्हणून राऊटरची जागा महत्त्वाची. तो माळ्यावर, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या आडोशाला ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे. कारण तो दिसायला नको असतो. घराच्या मध्यभागी, उघड्यावर, छातीएवढ्या उंचीवर ठेवलेला साधा राऊटर माळ्यावरच्या महागड्या राऊटरपेक्षा चांगले काम करतो. टीव्ही आणि कामाचा संगणक जागचे हलत नाहीत. त्यांना केबलच द्यावी. त्यांनी सभा सोडली, की बाकीच्यांना बोलायला अवसर मिळतो. आतल्या खोलीसाठी स्वस्त ‘रिपीटर’ घेताना मात्र विचार करावा. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर प्रत्येक शब्द ऐकून पुन्हा उच्चारतो. गर्दीच्या सभेत तो गर्दी वाढवतो.

घराबाहेरील गर्दी

केबलची चाचणी दोष बाहेर असल्याचे सांगत असेल, तर तेथेही गर्दीच्या दोन-तीन जागा संभवतात. फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका तंतूवरून सुमारे २,५०० एमबीपीएसचा प्रवाह येतो आणि तो सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. एचडी चित्रपटाला सुमारे ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्रपटाला सुमारे १५ एमबीपीएस पुरतात, हे लक्षात घेतले तर ६४ घरांत एकाच वेळी चित्रपट चालू असला, तरी हा तंतू सहसा अपुरा पडत नाही. अडचण बहुधा पुढे येते : गल्लीतल्या पुरवठादाराने मोठ्या कंपनीकडून जी वाट भाड्याने घेतली आहे तिच्यात, किंवा गच्चीवरच्या जुन्या स्विचमध्ये, जेथे फायबर संपून तांब्याच्या तारा घरोघरी गेलेल्या असतात. ग्राहक वाढले, पण मागची वाट तेवढीच राहिली, की रात्री नऊचे दुखणे सुरू होते.

२०२३पासून शहरांत रुळलेल्या, तारेविना ५जी मनोऱ्यावरून येणाऱ्या घरगुती सेवेत वाटणी आणखी मोठी असते. मनोऱ्याची क्षमता परिसरातील मोबाइलधारकांबरोबर विभागली जाते. तेथे अँटेनाची दिशा नीट करून घेण्यापलीकडे ग्राहकाच्या हाती फारसे नसते. फायबर उपलब्ध असेल, तर संध्याकाळच्या कामासाठी तोच बरा.

एखादेच संकेतस्थळ संध्याकाळी रखडत असेल आणि बाकी सारे सुरळीत असेल, तर घरची जोडणी दोषी नसते. त्या संस्थेच्या सर्व्हरांवर किंवा तिथवरच्या वाटेवर ताण असतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक एका मंचावर थेट प्रक्षेपण पाहत होते. टाळेबंदीच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, तर देशातील मंचांनी मोबाइल जाळ्यांवरील चित्राचा दर्जा ४८० रेषांपर्यंत आपणहून खाली आणला होता. अशा वेळी दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल हॉटस्पॉटवरून तेच संकेतस्थळ उघडून पाहावे. दोन्हीकडे रखडले, तर राऊटरला बोल लावू नये.

तक्रार पुराव्यानिशी

दोष पुरवठादाराच्या बाजूला आहे हे कळल्यावर ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार करणे व्यर्थ. सकाळी येणाऱ्या माणसाला सकाळचेच इंटरनेट दिसणार. एक वही करावी. सलग सात दिवस, सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी, केबलवर, इतर उपकरणे बंद ठेवून मोजलेला वेग आणि पिंगचा आकडा तारीख-वेळेसह लिहावा. पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. मग कंपनीच्या तक्रार केंद्राकडे लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तक्रारीत तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : वेग केबलवर मोजला आहे, घट केवळ गर्दीच्या वेळी होते आणि तपासणीचा माणूस रात्री आठ ते दहाच्या दरम्यान यावा.

उत्तर समाधानकारक नसेल, तर ‘ट्राय’च्या २०१२च्या तक्रार निवारण नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, हे ठाऊक नसल्याने अनेकांचा वेळ वाया जातो. त्यापुढे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२च्या निकालात स्पष्ट केले आहे. सेवेच्या गुणवत्तेची नवी नियमावली १ ऑक्टोबर २०२४पासून लागू आहे. सोसायटीतील चार-सहा कुटुंबांनी आपापल्या वह्या एकत्र जोडून तक्रार केली, तर तिचे वजन निश्चितच वाढते; कारण वीस घरांचा रात्रीचा आकडा एकाच वेळी पडतो, याला ‘तुमच्या राऊटरचा दोष’ हे उत्तर देता येत नाही.

मोठी योजना घेण्यापूर्वी

शेवटचा मुद्दा खिशाचा. वेग केवळ संध्याकाळी नव्हे, तर महिन्याच्या अखेरीस दिवसभर कमी होत असेल, तर योजनेतील वापरमर्यादा पाहावी. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांत ३,३०० जीबीसारखी मर्यादा बारीक अक्षरांत असते आणि ती ओलांडल्यावर वेग उतरतो. वर दिलेल्या आकड्यांवरून हेही ध्यानात येईल, की चार माणसांचे घर, दोन टीव्ही आणि एक बैठक यांना १०० एमबीपीएस खरोखर मिळत असतील, तर ते पुरून उरतात. प्रश्न बहुधा किती विकत घेतले याचा नसून रात्री नऊला किती पोचते याचा असतो. तोटी मोठी केल्याने टाकीतले पाणी वाढत नाही.

आमच्या घरची गोष्ट अपुरी राहिली होती. केबलच्या चाचणीने दोष बाहेरचा ठरवला. सात दिवसांची वही भरली. शेजारच्या पाच घरांनीही मोजण्या केल्या. पहिल्या तक्रारीला नेहमीचे उत्तर आले. अपिलानंतर मात्र तपासणीचा माणूस प्रथमच रात्री आला. त्याने आमच्या राऊटरकडे पाहिलेही नाही. तो थेट गच्चीवर गेला. तेथील जुना स्विच काढून फायबर घरापर्यंत आणल्यावर रात्रीचा आकडा सकाळच्या जवळ पोचला. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा ५०च्या योजनेवर आलो आणि अद्याप कोणाची तक्रार नाही. चार अँटेनांचा तो राऊटर तेवढा उरला आहे, घाईने घेतलेल्या औषधाची आठवण म्हणून.